वायफायच्या टनेलवर झॅबिक्सचा पहारा: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमचा आंबा-काजू प्रक्रियेचा कारखाना. मुख्य ऑफिस रत्नागिरीत, मिरजोळे एमआयडीसीत. पॅकिंग आणि गोडाऊन गुहागर, दापोली, देवगडला. वायफायचा कंट्रोलर, म्हणजे सगळं वायफाय सांभाळणारं यंत्र, रत्नागिरीत एकच. सगळीकडचे अॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे) त्याला कॅपवॅप टनेलने, म्हणजे नेटवर्कवरच्या आभासी वाटेने जोडलेले, आणि ते टनेल ब्रॉडबँडवरच्या आयपीसेकमधून, म्हणजे एन्क्रिप्ट केलेल्या दुसऱ्या टनेलमधून येतं. म्हणजे टनेलच्या पोटात टनेल. हंगामात पेट्यांचे बारकोड वायफायवरच्या स्कॅनरने वाचतात, त्यामुळे टनेल पडलं की माल अडतो आणि फोन माझा वाजतो.

कंट्रोलरच्या डॅशबोर्डवर टनेलची स्थिती दिसते, पण ती आत्ताची. रात्री काय झालं ते कळायला लॉग उपसत बसावं लागतं. म्हणून हंगामाच्या आधी एका जुन्या डेस्कटॉपवर झॅबिक्स 7.0 टाकलं, म्हणजे नेटवर्कवर सतत नजर ठेवून नोंदी आणि इशारे देणारं सॉफ्टवेअर. ओपन सोर्स आहे, लायसन्सचे पैसे नाहीत. साहेबांनी एवढंच ऐकून होकार दिला.

आता मुद्द्याचं. टनेल चालू की बंद, एवढंच बघत बसलात तर फारसं हाती लागत नाही. कॅपवॅपचं मानक, म्हणजे 2009 चं आरएफसी 5415, त्यात अॅक्सेस पॉइंट दर 30 सेकंदांनी कंट्रोलरला ‘आहेस ना?’ असं विचारतो. उत्तर नाही आलं तर पुन्हापुन्हा विचारतो आणि मग टनेल सोडून नव्याने जोडणी करतो. हे सगळं तुमच्या दोन तपासण्यांच्या मधे उरकलं, तर स्क्रीनवर हिरवंच दिसणार. त्यापेक्षा दोन अपटाइम घ्या: अॅक्सेस पॉइंट किती वेळ चालू आहे, आणि कंट्रोलरशी त्याची जोडणी किती वेळ टिकली आहे. आमच्या कंट्रोलरकडून दोन्ही एसएनएमपीने, म्हणजे उपकरणाला त्याचे आकडे विचारायच्या ठरलेल्या पद्धतीने, मिळतात. दोन्ही आकडे शून्यापासून सुरू झाले असतील तर वीज गेली होती. पहिला मोठा आणि दुसराच लहान, तर वीज होती, लाइन गेली होती. कोकणात हा फरक कळणं म्हणजे अर्धं काम. जून ते सप्टेंबर लाइट कधी जाईल सांगता येत नाही, आणि रस्त्याच्या कामाला जेसीबी आला की फायबर तुटते. आधी प्रत्येक वेळी इलेक्ट्रिशियन आणि ब्रॉडबँडवाला दोघांनाही फोन करायचो.

देवगडचा एक अॅक्सेस पॉइंट मात्र या हिशेबात बसेना. दोन्ही अपटाइम शून्यावर, म्हणजे वीज गेली असणार. वॉचमन काकांना फोन केला तर म्हणाले, “लाइट खंय गेली? पंखो फिरता मरे!” स्विचच्या पोर्टवर बघितलं तर सीआरसी एरर (वाटेत खराब झालेल्या डेटाची मोजणी) वाढत चाललेले. केबल काढली तेव्हा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट पूड. समुद्र हाकेच्या अंतरावर, खारी हवा. त्याच केबलमधून अॅक्सेस पॉइंटला पीओईची वीज जाते, ती तुटत होती. नवा कनेक्टर मारला, वर डब्बा बसवला. तेव्हापासून बाहेरच्या सगळ्या पोर्टांचे एरर काउंटरही झॅबिक्समध्ये घेतलेत.

दुसरं दुखणं यापेक्षा लबाड होतं. गुहागरला लाइन 4जी बॅकअपवर गेली की स्कॅनर चालायचे, पण लॅपटॉपवर इन्व्हॉइस उघडायचं नाही. टनेल हिरवंगार. कारण त्याची हजेरी लहान पॅकेटने लागते. मोठं पॅकेट वाटेत अडकतं. पॅकेटच्या 1500 बाइटमधले 8 पीपीपीओई (ब्रॉडबँडच्या जोडणीची पद्धत) खातं, मग आयपीसेकचा वाटा, मग कॅपवॅपचा. बॅकअपच्या लाइनवर जागा आणखी कमी. यावर एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: प्रत्येक ब्रँचला एक साधा पिंग (‘पोचलं का?’ विचारणारं छोटं पॅकेट) आणि एक 1300 बाइटचा, तुकडे न करता. पहिला पोचला आणि दुसरा नाही, तर पिवळा इशारा. कंट्रोलरवर टीसीपी एमएसएस (एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा) 1250 केल्यावर इन्व्हॉइस उघडायला लागले.

इशारे टेलिग्रामवर येतात. सुरुवातीला एक लाइन गेली की तिथल्या प्रत्येक अॅक्सेस पॉइंटचा वेगळा मेसेज यायचा, बायकोने फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला. ट्रिगर डिपेंडन्सी, म्हणजे कुठला इशारा कुठल्यावर अवलंबून ते, लावल्यावर लाइनीचा एकच मेसेज येतो, बाकीचे गप्प. हे पहिल्याच दिवशी करा.

शिकायला वेळ लागतो, हे खरं. आयटम (मोजायची गोष्ट), ट्रिगर (इशाऱ्याची अट), टेम्प्लेट (त्यांचा तयार संच) ही भाषा अंगवळणी पडेपर्यंत कंटाळा येतो, आणि तुमच्या कंट्रोलरचे ओआयडी (प्रत्येक आकड्याचा एसएनएमपीतला पत्ता) शोधणं हे किचकट काम तुम्हालाच करावं लागतं. अपटाइमचा काउंटर 32 बिटचा, सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा असेल तर तो साधारण 497 दिवसांनी आपोआप शून्यावर येतो आणि खोटा इशारा देतो. अर्थात एवढे दिवस लाइट न जाण्याचं भाग्य आमच्या एकाही अॅक्सेस पॉइंटला लाभणार नाही.

दोन-चारच अॅक्सेस पॉइंट एका इमारतीत असतील तर याच्या नादी लागू नका, कंट्रोलरचा डॅशबोर्ड पुरतो. ब्रँच लांब असतील तर जरूर लावा, पण एसएनएमपी व्हर्जन 3 वरच, एन्क्रिप्शन चालू ठेवून. जुन्या 2सी व्हर्जनमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डच, उघडी जाते. आणि झॅबिक्सच्या मशीनला आणि त्याच्या राउटरला वेगळा यूपीएस द्या, नाहीतर रत्नागिरीतली लाइट गेली की पहारेकरीच आधी झोपतो.