४के ब्लू-रे प्लेअर आठ महिने वापरल्यावर: डीव्हीडी काढून टाकायच्या का?

मावसभाऊ जर्मनीहून येताना ४के ब्लू-रे प्लेअर (साध्या ब्लू-रेच्या चौपट पिक्सेलच्या डिस्क चालवणारा) घेऊन आला, त्याला आता आठ महिने झाले. खोका उघडल्या उघडल्या आईने विचारलं, "मग आता बाबांच्या त्या सगळ्या डीव्हीडी काढायच्या का?" कपाटात दोनेकशे आहेत, निम्म्या तरी नाटकांच्या. तेव्हा मी बहुतेक हो म्हणालो असतो.

पहिली डिस्क लावली 'पथेर पांचाली' (१९५५), सत्यजित राय यांच्या तीन सिनेमांच्या अपू मालिकेतला पहिला. हा सिनेमा मी आधी डीव्हीडीवर बघितलेला, सगळं धुरकट, काळ्याच्या जागी राखाडी. त्या तिन्ही सिनेमांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनमधल्या आगीत जळाल्या होत्या, त्यातून जे वाचलं ते इटलीत बोलोन्याला साफसूफ करून आणि उरलेलं दुसरीकडच्या कॉपीवरून घेऊन २०१५ मध्ये ते पुन्हा उभे केले. आता तो काशफुलांचा सीन लागला आणि एकेक तुरा वेगळा हलताना दिसला, मी रिमोट खाली ठेवला आणि तसाच बसलो. आई पण पोळ्या अर्धवट सोडून येऊन बसली.

डीव्हीडीत एका बाजूला जास्तीत जास्त साडेआठ जीबी मावतात, साध्या ब्लू-रेत ५०, या ४के डिस्कमध्ये १०० पर्यंत. पण सगळे पिक्सेलच मोजत बसतात. माझा टीव्ही ५५ इंची, बसतो नऊ फुटांवर, तिथून साध्या ब्लू-रेपेक्षा ४के फार बारीक दिसतं असं मी नाही म्हणणार. डीव्हीडीवरून ब्लू-रेवर आलो तेव्हाची उडी याहून खूप मोठी होती. इथे फरक पडतो तो एचडीआरचा, म्हणजे कंदिलाचा उजेड उजेडासारखा दिसतो आणि अंधारातलं माणूसही हरवत नाही. ४केचं स्ट्रीमिंगही आहे घरी, पण धुकं, धूर, पाऊस आला की त्यात चौकोन चौकोन दिसायला लागतात, डिस्कवर ते अजून एकदाही दिसलं नाही.

त्रास काय झाला तर पहिले दोन आठवडे मधेच स्क्रीन काळी व्हायची. मला वाटलं प्लेअरच गेला, शेवटी निघाली प्लेअर टीव्हीला जोडणारी जुनी एचडीएमआय केबल, जास्त डेटा नेणारी १८ जीबीपीएसवाली लावल्यावर बंद झालं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या पोर्टचा एचडीआरचा ऑप्शन पण हाताने चालू करावा लागतो, ते कुणी सांगत नाही. १०० जीबीच्या डिस्कवर बोटाचा ठसा राहिला तरी अडकते, मऊ कापडाने मधून बाहेर सरळ पुसायची, गोल गोल नाही.

रीजनची भानगड, म्हणजे डिस्क जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं कुलूप, घेण्याआधी समजून घ्या. 'पथेर पांचाली'च्या सेटमध्ये साध्या ब्लू-रे पण आहेत, त्या चालल्याच नाहीत, कारण त्या ए रीजनच्या, प्लेअर युरोपातला म्हणजे बी, आणि आपला भारत सी. ४के डिस्कला रीजनच नसतो म्हणून ती बिनबोभाट चालली. डीव्हीडीचं पण तेच, आपल्याकडच्या बऱ्याच ऑल रीजन असतात त्या चालतात, बाकीच्यांसाठी जुना प्लेअर ठेवावाच लागला.

आता आईचा प्रश्न. बाबांची नाटकं व्हिडिओ कॅमेऱ्यावर शूट झालेली, चित्राच्या ५७६ आडव्या ओळींची, म्हणजे डीव्हीडीइतकीच. त्यांच्यामागे फिल्मची निगेटिव्हच नाही, त्यामुळे पुन्हा स्कॅन करून ४के काढायला काही शिल्लकच नाही, जे आहे ते त्या डीव्हीडीवरच. नवा प्लेअर ती ताणून मोठी करून दाखवतो, चेहरे जरा मऊ दिसतात, पण संवाद स्वच्छ ऐकू येतात आणि नाटकात मला तेच हवं असतं. मराठी सिनेमांचं तर फार वाईट वाटतं. आमच्या पुण्यात लॉ कॉलेज रोडला एवढं मोठं फिल्म अर्काइव्ह आहे, जुन्या भारतीय सिनेमांच्या रिस्टोरेशनसाठी २०२२ मध्ये ३६३ कोटी जाहीर झाले, तरी माझ्या कपाटात ४के डिस्कवरचा एकही मराठी सिनेमा नाही. मिळाला तर दुप्पट पैसे देऊन घेईन.

त्यात प्लेअर बनवणारेच कमी होतायत, ओप्पोने २०१८ मध्ये बंद केलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे आणणं थांबवलं. म्हणून ज्याच्याकडे मोठा टीव्ही आहे आणि फिल्मवर शूट झालेले जुने सिनेमे ज्याला मनापासून आवडतात त्याने आत्ताच घ्यावा, बाकीच्यांनी साध्या ब्लू-रेवर खुशाल थांबावं.

डीव्हीडी एकही काढली नाही. उलट गेल्या महिन्यापासून रोज रात्री दोन दोन करून हार्ड डिस्कवर कॉपी करतोय, साठेक झाल्यात, तीन वाचताच येत नाहीयेत, त्यातली एक बाबांच्या सगळ्यात आवडत्या नाटकाची आहे आणि तिची दुसरी कॉपी कुणाकडे मिळते का ते शोधतोय.