भंतेंसोबत बोधगया-राजगीर-सारनाथ: एका नास्तिकाचा अभिप्राय

बायकोच्या हट्टापायी या सहलीचं बुकिंग केलं. देवाधर्माशी माझा छत्तीसचा आकडा. कंपनीचं नियोजन सुमारच. बसचा एसी पहिल्याच दिवशी बंद पडला, राजगीरला जेवणासाठी दोन तास ताटकळलो. पण सोबतचे भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू!

महाबोधी मंदिरामागच्या पिंपळाखाली मी मुद्दाम खोचकपणे विचारलं, "बुद्धाला ज्ञान झालं ते मूळ झाड हेच का?" भंते हसले. "नाही हो, ते केव्हाच गेलं. हे त्याच्या वंशातलं मानतात, १८८१च्या सुमारास इंग्रज पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमनं लावलेलं." माझी हवाच गेली. मी वादाला आलेलो आणि हा माणूस वादच घालेना! वर बुद्धाचा एक उपदेश, कालाम सुत्त, सांगितला: ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यानं मानू नका, स्वतः तपासा.

मग वीस मिनिटं नुसता श्वास बघत बसवलं. पायाला मुंग्या आल्या, डास चावले आणि मध्येच कधीतरी डोक्यातली बडबड थांबली. तीन-चार श्वासांपुरतीच. डोळे का भरून आले, अजून कळलेलं नाही. (फोन बाहेर जमा होता, तेही बरंच.)

सारनाथला धामेक स्तूपाभोवती मी सगळ्यांच्या मागे, गप्प चाललो. पुनर्जन्म अजूनही पटलेला नाही. भंतेंना तसं सांगितलंही.

चार तारे. पाचवा एसीनं खाल्ला. राजगीरची गृध्रकूट टेकडी पहाटेच चढा.