आधीच अडवायचं की तक्रार आल्यावर काढायचं?

फाइल होस्टिंग सेवा चालवणाऱ्याला कॉपीराइटबाबत दोन मार्गांतून निवड करावी लागते: तक्रार आली की लिंक बंद करायची, किंवा अपलोड होतानाच हक्कधारकांनी नोंदवलेल्या कलाकृतींच्या डेटाबेसशी ताडून फाइल अडवायची, म्हणजे फिल्टर लावायचा. आमच्या छोट्या सेवेवर दोन्ही वापरून झाले आहेत.

फिल्टरच्या बाजूने बोलायचं तर शांतता मिळते. तक्रारीच्या पद्धतीत काढलेली फाइल दुसऱ्या खात्यावरून, नव्या नावाने परत येते आणि हक्कधारकाला पुन्हा लिहावं लागतं. त्यांचा वैताग मला पटतो.

तरी माझं मत फिरलं ते एका संगीतकार बाईंमुळे. स्वतःच्याच गाण्याचं मास्टर रेकॉर्डिंग त्या सहकाऱ्याला पाठवत होत्या. फिल्टरने ते अडवलं, कारण त्यांच्या वितरकाने तेच गाणं डेटाबेसमध्ये नोंदवलेलं होतं. आम्ही त्यांना डेटाबेसवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी वितरकाकडे, वितरकाने परत आमच्याकडे. गाणं त्यांचंच आहे हे सगळ्यांना मान्य होतं, पण अडलेली फाइल सोडण्याचा अधिकार कुणाकडेच नव्हता. असे प्रकार पुढेही होत राहिले. फाइल कोणती हे फिल्टरला कळतं. पाठवणाऱ्याला परवानगी आहे का, हे कळत नाही.

तक्रारीच्या पद्धतीत निदान बोलायला माणूस असतो. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यात अपलोड करणाऱ्याला प्रति-नोटीस, म्हणजे मजकूर काढण्यावर हरकत घेणारी नोटीस, देता येते. तक्रारदाराने दावा लावला नाही, तर कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत मजकूर परत ठेवायचा असतो. वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करण्याचं धोरणही याच कायद्यात अपेक्षित आहे. ते मनापासून राबवलं, तर परत येणाऱ्या फाइलींचा त्रास बराच कमी होतो, असा आमचा अनुभव.

सार्वजनिक व्हिडिओचा मोठा मंच असेल, तर फिल्टरशिवाय कदाचित भागणार नाही. पण लोक आपापल्या फाइली ठेवतात अशी सेवा वेगळी. युरोपीय संघाच्या २०१९ च्या कॉपीराइट निर्देशानेही स्वतःच्या वापरासाठीच्या क्लाउड साठवणीला कलम १७ च्या, म्हणजे वापरकर्त्यांनी टाकलेल्या मजकुराबद्दल मंचावर येणाऱ्या, जबाबदारीतून वगळलं आहे.

आम्ही आता तक्रार आली की फक्त शेअरिंग बंद करतो, फाइल मालकाच्या खात्यात तशीच राहते. त्याच फाइलचा हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) जुळला तर दुसऱ्या खात्यावरूनही तिची लिंक बनत नाही. एक बाइट बदलला की हॅश जुळत नाही, हे मान्य. पण अडवल्याच्या सूचनेखालीच हरकतीचा अर्ज असतो, आणि तो आमच्यातला माणूस वाचतो.