काकांच्या चष्म्यापायी: ल्यूटचं टॅब्लेचर छापायची फुकट सॉफ्टवेअरं, एक रिव्ह्यू

आधी सांगतो की माझ्याकडे ल्यूट, म्हणजे ते गिटारसारखं जुनं युरोपियन तारवाद्य, नाही. ठाण्यात नौपाड्यात ल्यूट कुठून येणार, इथे साधं क्लासिकल गिटारचं चांगलं तारांचं पाकीट मिळवायला दादर गाठावं लागतं. मी गिटारवरच वाजवतो, तिसरी तार अर्धा सूर उतरवायची (जी ची एफ शार्प), तिसऱ्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चाप) लावायचा, झालं, बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत जी, डी, ए, एफ, सी, जी, म्हणजे सहा जोडतारांच्या रेनेसाँ ल्यूटची ट्यूनिंग तुमच्या हातात आली आणि चारशे वर्षांपूर्वीचं टॅब्लेचर, म्हणजे कुठल्या तारेवर कुठल्या पडद्याशी बोट ठेवायचं ते सांगणारी लिपी, जसंच्या तसं वाजवता येतं.

हे खूळ मी ऐरोलीच्या काकांच्या डोक्यात घातलं आणि तिथून पुढचं सगळं रामायण. काका बँकेतून रिटायर, वीस वर्षं सतार वाजवलेली, आता बोटं दुखतात म्हणून गिटार घेतली. टॅब्लेचर त्यांना पाच मिनिटांत कळलं कारण सतारवाल्याला पडदा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. आपल्या भातखंडे लिपीत सूर कुठला ते लिहिलेलं असतं, बोट कुठे ठेवायचं ते तुमचं तुम्ही बघा. इथे उलटं आहे, बोट कुठे ते लिहिलंय, सूर कुठला निघतो ते ऐकून घ्या. फ्रेंच पद्धतीत सहा तारांच्या सहा रेघा, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, सी म्हणजे दुसरा, असं पुढे, आणि डोक्यावर सूर किती लांब ते सांगणाऱ्या लयीच्या झेंड्या.

अडचण चष्म्याची. जुन्या पुस्तकांचे स्कॅन नेटवर फुकट मिळतात पण अक्षरं बारीक, शाई फुटलेली, त्यात सी हे अक्षर आरसारखं काढायची पद्धत, त्यामुळे काकांचा प्रश्न ठरलेला, "अरे, हा आर कुठला पडदा? मोजत मोजत सतराव्यावर आलो मी." म्हणून मोठ्या अक्षरात टाइप करून द्यायचं मी कबूल केलं, आणि तीन महिने जे जे फुकट मिळतं ते वापरून पाहिलं. पैसे देऊन घ्यायची फ्रोनिमो आणि जँगो आहेत, ल्यूटवाल्यांची लाडकी, पण काका महिन्यातून दोन पानं वाजवणार, त्यासाठी कोण खर्च करतो.

पहिलं म्यूझस्कोर. बहुतेकांना हेच नाव माहीत असतं. इन्स्टॉल सोपं, विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे चालतं. ल्यूटसाठी काय बदलायचं ते मात्र खोल दडवून ठेवलंय, स्टाफ पार्ट प्रॉपर्टीज उघडा, त्यात खाली अ‍ॅडव्हान्स्ड स्टाइल प्रॉपर्टीज, आणि मग तिथे अलीबाबाची गुहा आहे. आकडे हवेत की अक्षरं, रेघेवर की रेघेच्या वर, सहा तारी फ्रेंच आणि सहा तारी इटालियन असे तयार साचेही आहेत. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे लयीच्या खुणा दर वेळी छापायच्या की नाही ते ठरवता येतं, कारण जुन्या टॅबमध्ये झेंडी एकदा काढली की लय बदलेपर्यंत पुन्हा काढत नाहीत, गिटारच्या टॅबसारखी प्रत्येक सुराला शेपटी लावली की पान मुंग्या लागल्यासारखं दिसतं. तारांची ट्यूनिंग एडिट स्ट्रिंग डेटामध्ये जाऊन तपासा, विसरू नका.

आणि हे वाजवून दाखवतं. ह्याची किंमत मला एका रविवारी कळली. इटालियन पद्धतीत आकडे असतात आणि सगळं डोक्यावर उभं असतं, म्हणजे सगळ्यात खालची रेघ ही सगळ्यात बारीक तार. आपण गिटार मांडीवर घेऊन वाकून बघितलं तर तारा दिसतात त्याच क्रमाने, त्यामुळे खरं तर तेच शहाणपणाचं आहे, पण सवय फ्रेंचची. मी अख्खं दीड पान टाइप केलं आणि अपसाइड डाउनच्या चौकटीवर टिक करायला विसरलो. प्ले दाबलं तर जिन्यावरून स्टीलचे डबे गडगडत यावेत तसा आवाज, आतून बायको ओरडली "काय पडलं रे?" नुसतं कागदावर बघत असतो तर ते पान तसंच काकांकडे गेलं असतं.

मग म्यूझस्कोरचं वाईट काय, तर पान सजवण्यात वेळ जातो. अक्षर मोठं केलं की झेंड्या आणि अक्षरं एकमेकांच्या अंगावर येतात, मग माउसने ढकलत बसा. शिवाय जर्मन टॅब्लेचर ह्यात होत नाही.

दुसरं लिलीपाँड, १९९६ पासून चालू असलेलं, जीएनयू ह्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं प्रोजेक्ट. ह्यात माउस नाही, सगळं मजकूर म्हणून लिहायचं आणि मग छपाईचं पान तयार होऊन येतं, सोबत फ्रेस्कोबाल्डी नावाचा फुकट एडिटर घ्या म्हणजे डावीकडे लिहिलेलं उजवीकडे दिसतं. पान इतकं देखणं येतं की बघत राहावं. ल्यूटची सोयसुद्धा आहे, सहा रेघांच्या खाली ज्या जास्तीच्या खर्जाच्या तारा असतात त्यांच्यासाठी ए, मग तिरकी रेघ मारून ए, मग दोन रेघा मारून ए, असं बरोबर जुन्या पद्धतीने छापतं. पण एक मोठा पण. ह्यात तुम्ही सूर लिहायचा, पडदा ते काढणार. म्हणजे माझ्यासमोर टॅब आहे, त्यातून मी सूर काढायचा, तो लिहायचा, कुठल्या तारेवर हवा तो आकडा जोडायचा, आणि त्यावरून ते पुन्हा टॅब बनवणार. ठाण्याहून मुलुंडला जायला व्हाया पनवेल. स्वतः नवीन रचना करणाऱ्याला किंवा सुरांची ओळ आणि टॅब दोन्ही एकाखाली एक छापणाऱ्याला हे उत्तमच, माझ्यासारख्या नकलनविसाला नाही.

तिसरी जोडी जुन्या लोकांची. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या वेन क्रिप्स यांचा टॅब नावाचाच प्रोग्राम, आणि क्रिस्टोफ डालिट्झ यांचा एबीसीटॅबटूपीएस. दोन्ही काळ्या खिडकीत कमांड देऊन चालवायचे, बटणं वगैरे लाड नाहीत. टॅब प्रोग्राममध्ये फाइलची एक ओळ म्हणजे एका वेळी छेडायच्या तारा, पहिलं अक्षर लयीचं, पुढची अक्षरं तारांची, बारची उभी रेघ हवी तर ओळीत नुसता बी. इतकं साधं की दुसऱ्या दिवशी माझी बोटं आपोआप चालायला लागली, आणि टाइप करताना नजर जुन्या पानावरून हलवावी लागत नाही, हे म्यूझस्कोरमध्ये कधीच जमलं नाही. एबीसीटॅबटूपीएसमध्ये तारा सोडायला स्वल्पविराम टाकत जायचं, सुरुवातीला मोजणीत चुका होतात, पण ह्यात फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश आणि चक्क जर्मनही आहे, ज्यात रेघाच नसतात आणि प्रत्येक तारेच्या प्रत्येक पडद्याला वेगळं चिन्ह. पान मोठं करायला एक आकडा वाढवला की अक्षरं, रेघा, झेंड्या सगळं प्रमाणात वाढतं, ढकलाढकली नाही. काकांचं काम इथे झालं.

फक्त हे दोन्ही प्रोग्राम पोस्टस्क्रिप्ट, म्हणजे प्रिंटरच्या भाषेतली फाइल देतात, पीडीएफ नाही. मला वाटलं प्रिंटवाल्याला चालेल. स्टेशनजवळच्या एका दुकानात पेनड्राइव्ह दिला आणि मागे चहाला गेलो, येतो तर त्या पोराने फाइल नोटपॅडमध्ये उघडून प्रिंट सोडलेली, टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि खाली आकड्यांची रांगच रांग, सोळा पानं. "सर, तुमच्या फाइलमध्ये व्हायरस आहे." चूक माझी, गप पैसे दिले. घोस्टस्क्रिप्ट नावाच्या फुकट प्रोग्रामने घरीच पीडीएफ करून न्या, एका ओळीचं काम आहे.

तर माझी सध्याची पद्धत अशी की टाइप आणि छपाई एबीसीटॅबटूपीएसमध्ये, आणि जिथे शंका येते तेवढे चार बार म्यूझस्कोरमध्ये टाकून कानाने तपासायचे. दुप्पट काम वाटेल, पण चार बार म्हणजे दोन मिनिटं. ज्यांना काळ्या खिडकीची भीती वाटते त्यांनी सरळ म्यूझस्कोर घ्या आणि अक्षर फार मोठं करू नका. दुसऱ्यांनी टाइप केलेल्या फायली मिळाल्या तर ल्यूटकन्व्ह नावाचा छोटा फुकट प्रोग्राम त्या एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात नेतो, फ्रोनिमोच्याही.

गेल्या शनिवारी ट्रान्सहार्बर पकडून ऐरोलीला गेलो, काकांना दहा पानं दिली. खूश. मग म्हणाले, "इतकं सगळं करतोस तर ए बी सी कशाला, क ख ग घाल की." म्हटलं काका, चेष्टा करू नका. पण घरी येऊन बघितलं तर लिलीपाँडमध्ये पडद्यांची अक्षरं खरंच आपल्याला हवी ती देता येतात, देवनागरीसुद्धा घेतं. चार ओळींचा नमुना बनवून फोनवर पाठवला. दहा मिनिटांत काकांचा फोन.

"छान आलंय रे. फक्त दुसऱ्या ओळीत रव लिहिलंयस, ते काय?"

ख होता तो.