मोपा विमानतळावर अडवतो म्हणून 35 हजार घेतले

डिचोलीत माझं टाइल्सचं आणि नळसामानाचं दुकान आहे. घरांची डागडुजी करणारा एक कंत्राटदार चार वर्षं माझ्याकडून उधारीवर माल नेत होता. पैसे उशिरा यायचे, पण यायचे. बघता बघता बाकी 6 लाख 40 हजारांवर गेली. त्याने दिलेला चेक परत आला आणि त्याच आठवड्यात कानावर आलं, की आजोबांच्या कागदांवर त्याचा पोर्तुगीज पासपोर्ट झालाय, बायकापोरं इंग्लंडला पोचलीत आणि तोही निघतोय. याचा अर्थ काय, हे गोव्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही: माणूस कायमचा परदेशी, उधारी बुडाल्यात जमा.

कोर्टाजवळच्या चहाच्या गाड्यावर मला एकाने गाठलं. पांढरा शर्ट, काखेत फायली. आपण वकील आहोत असं तो कधीच म्हणाला नाही, मीच धरून चाललो. "भाऊ, दावा लावून बसाल तर म्हातारे व्हाल. मी मोपा-दाबोळी दोन्ही विमानतळांवर लुकआउट लावतो. काउंटरवर पासपोर्ट ठेवला की अडकला." वर सल्ला, "चेकची नोटीस आत्ता नको, सावध होईल." मला तो फारच हुशार माणूस वाटला. 35 हजार रोख मोजले. पाच दिवसांनी झेरॉक्स हातात पडली: अशोकस्तंभ, गोल शिक्का, देश सोडायला मनाई. मी ती देवघरात ठेवली. हसा खुशाल.

दीड महिन्याने कंत्राटदाराच्या स्टेटसवर लाल डबलडेकर बस दिसली. पांढऱ्या शर्टवाल्याचा फोन तोवर बंद झाला होता.

मग गेलो खऱ्या वकिलाकडे. बाईंनी कागद पाहिला आणि एवढंच विचारलं, "दावा क्रमांक कुठाय?" मी दावाच लावलेला नव्हता, तर कोर्टाचा हुकूम येणार कुठून? साधी गोष्ट, पण मला सुचली नव्हती. दाव्याला 16 अक्षरी सीएनआर क्रमांक पडतो आणि तो कोर्टांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर फुकट तपासता येतो, हेही तेव्हाच कळलं.

लुकआउट सर्क्युलर, म्हणजे माणसाला विमानतळावर अडवायची सरकारी सूचना, इमिग्रेशन ब्युरो काढतं, तेही ठरावीक अधिकाऱ्यांच्या किंवा कोर्टाच्या सांगण्यावरून. माझ्यासारख्या दुकानदाराला उधारीसाठी ते विकत मिळत नाही. सरकारी बँकांच्या प्रमुखांना तशी विनंती करायचा अधिकार दिलेला होता, तोसुद्धा मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2024 मध्ये रद्द ठरवला. आम्हा उधारी देणाऱ्या दुकानदारांची काय कथा!

खरा रस्ता दिवाणी प्रक्रिया संहितेत आहे, ऑर्डर 38. आधी दावा. मग प्रतिज्ञापत्रावर दाखवायचं, की हा माणूस भारत सोडतोय आणि त्यामुळे उद्या आपल्या बाजूने हुकूमनामा (कोर्टाचा निकाल) झाला तरी वसुली अडेल. कोर्टाला पटलं तर वॉरंट काढून त्याला समोर आणतात आणि हजर राहण्याबद्दल तारण का देऊ नये, असं विचारतात. वॉरंटवरची रक्कम त्याने भरली तर अटकही होत नाही. नुसत्या ऐकीव बातमीवर हे मिळत नाही; पुरेसं कारण नसताना अर्ज केला, तर उलट आपल्यालाच 50 हजारांपर्यंत भरपाई द्यावी लागू शकते.

चेकची गोष्ट त्याहून जिव्हारी लागली. चेक न वटल्याचा खटला लावायचा, तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस जायला हवी होती. "सावध होईल" या दोन शब्दांत ते दिवस गेले. चेकची तीन महिन्यांची मुदतही उलटल्यामुळे तो पुन्हा बँकेत टाकायची सोय उरली नाही. पैशांसाठी दिवाणी दावा आता लावलाय, पण समन्स पोचवायचं इंग्लंडला.

बाईंनी शेवटी विचारलं, "इथे त्याचं काही होतं?" म्हापशात फ्लॅट होता. त्याच ऑर्डर 38 च्या नियम 5 खाली, तो विकायच्या बेतात आहे हे दाखवून निकालाआधीच जप्ती मागता आली असती. माणूस विमानातून जातो, फ्लॅट कुठे जात नाही. आम्ही नोंदणीचे कागद काढून पाहिले. विक्रीखत झालं होतं, माझ्या देवघरातल्या कागदावरच्या तारखेनंतर नवव्या दिवशी.