आजीच्या ओव्या, ३७ कॅसेट्स आणि एक इवलासा स्क्रू: आठ महिन्यांनंतर

आजीच्या ओव्यांच्या जुन्या कॅसेट्स लॅपटॉपवर उतरवायला घेतल्या, आणि सुरुवातच चुकली. ऑनलाइन पंधराशे रुपयांत वॉकमनसारखं दिसणारं यूएसबीचं डबडं घेतलं. कॅसेट घाला, लॅपटॉपला वायर लावा, झालं. ऐकायला बसलो तर आजी हेलकावे खात गात होती. कॅसेटची फीत सेकंदाला जेमतेम ४.७६ सेंटिमीटर सरकते. इतक्या संथ चालीत मोटर जराशी डगमगली तरी सूर ढळतो. तीन आठवड्यांत डबडं माळ्यावर गेलं.

मग जुन्या बाजारातून एक डेक, म्हणजे कॅसेट वाजवायचं मोठं यंत्र, उचलला. आतल्या रबरी पट्ट्याचं पार डांबर झालं होतं, तो बदलून घेतला. डेकचा लाइन आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) एका साध्या यूएसबी साउंडकार्डात आणि तिथून लॅपटॉपवर ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर खुपसू नका, आवाज फाटतो. चार्जर लावला की मागे घूंऽऽ सुरू होतं, म्हणून रेकॉर्डिंग बॅटरीवरच करतो. बाकी काम वेळखाऊ आहे, घाई चालत नाही: साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात.

खरा फरक पडला तो हेडशेजारच्या स्क्रूने (हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग). दोन महिने मला वाटत होतं की फीतच म्हातारी झाली, म्हणून आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. एका संध्याकाळी, कॅसेट चालू ठेवूनच, बारीक पेचकसाने तो स्क्रू किंचित फिरवला. पाव वळसासुद्धा नाही. आणि ‘पहिली माझी ओवी’ मधला ‘ओ’ उघडला, बांगड्या वाजल्या! या स्क्रूने हेडचा कोन बदलतो, आणि वेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला तो वेगळा लागतो, त्यामुळे आता प्रत्येक कॅसेटला हे करतो. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने हेड पुसतो. बोळा तपकिरी होतो तेव्हा कळतं काय काय साचलं होतं ते.

एक चूक मात्र जिव्हारी लागली. खरखर घालवायला नॉइज रिडक्शन सढळ हाताने वापरलं. फाइल स्वच्छ झाली खरी, पण जातंच गायब! सॉफ्टवेअरला जात्याची घरघर म्हणजे कचराच वाटला. वर आजीचा आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा. नशीब, मूळ वेव्ह फाइल ठेवली होती. आता मूळ प्रत तशीच राहू देतो (मिनिटाला साधारण १० एमबी, दोन डिस्कवर), आणि नातेवाइकांना पाठवायच्या एमपी३ वर फार तर ६ डेसिबलची सफाई. मावशीला तीही नको असते. म्हणते, खरखरीसकटच पाठव.

३७ पैकी ३१ झाल्या. एकीची फीत दाबून धरणारी गादी निघाली होती. दुसऱ्या, रिकाम्या कॅसेटची काढून बसवली. उरलेल्या सहांवर पावसाळ्यात पांढरी बुरशी धरली आहे. त्या डेकमध्ये घालायचं धाडस अजून केलेलं नाही, कारण बुरशी हेडला लागली की पुढच्या कॅसेटलाही चिकटते.