लाइटडीएम: दुकानातल्या एका कॉम्प्युटरवर तिघांनी काही महिने वापरल्यानंतर

नाशिकला रविवार कारंजाजवळ आमचं डीटीपीचं (कॉम्प्युटरवर मजकूर मांडून छपाईला तयार करण्याचं) छोटं दुकान आहे. चांगला म्हणावा असा कॉम्प्युटर एकच आणि त्यावर बसणारे तिघं: मी, टायपिंग करणाऱ्या ताई आणि संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर येणारा एक मुलगा. दिवाळीनंतर त्यावर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टिम आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप टाकला. सोबत लाइटडीएम, म्हणजे लॉगिनची स्क्रीन सांभाळणारा प्रोग्राम आला, तो तसाच ठेवला. आता लग्नपत्रिकांचा सीझन उरकलाय, म्हणून निवांत लिहितोय.

आधी ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं जीडीएम लॉगिनसाठी होतं. दिसायला देखणं, पण ते ग्नोमच्या अख्ख्या डेस्कटॉप शेलवरच चालतं. चार जीबी रॅमच्या मशीनला नुसत्या लॉगिनसाठी एवढा डोलारा कशाला? लाइटडीएमचं तसं नाही. मागे राबणारा भाग वेगळा आणि समोर दिसणारा वेगळा. या समोरच्याला ग्रीटर म्हणतात आणि तो बदलता येतो. एक्सएफसीईबरोबर 'जीटीके' नावाचा साधा ग्रीटर येतो, लिनक्स मिंटवर 'स्लिक' नावाचा. उबंटूनेही २०११ ते २०१७ हेच वापरलं, तेव्हा हा काही कच्चा गडी नाही.

डेबियनवर पहिल्याच दिवशी खटकतं ते म्हणजे नावांची यादी नसते, यूजरनेम टाइप करावं लागतं. ताई म्हणाल्या, "दादा, माझं नाव कुठे गेलं?" इटीसी (सिस्टिमच्या सेटिंग्जचं फोल्डर) मधल्या लाइटडीएमच्या मुख्य कॉन्फ म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये 'ग्रीटर-हाइड-यूजर्स' ही ओळ आहे. तिच्या सुरुवातीचा हॅश (# चिन्ह, ज्यामुळे ओळ बंद राहते) काढून किंमत फॉल्स ठेवली की यादी दिसते. मात्र ओळ 'सीट' विभागातच हवी. त्याच फाइलमधल्या 'लाइटडीएम' विभागात टाकून बसलात तर ढिम्म काही होत नाही.

खरं दुखणं कीबोर्डचं. आमच्याकडे इंग्रजीबरोबर मराठी लेआउटही सिस्टिमलाच जोडलेला आहे. लॉगिन स्क्रीनवर कुणाच्या हातून लेआउट बदलला गेला की पासवर्ड देवनागरीत जातो, आणि समोर ठिपके तर ठिपकेच दिसतात. ताईंचा पासवर्ड 'चुकायचा', मग त्या कॅप्स लॉक बघायच्या, मग माझ्याकडे बघायच्या. उपाय ग्रीटरच्या कॉन्फ फाइलमध्ये सापडला: 'इंडिकेटर्स'च्या ओळीत 'लेआउट' (आधी ~ चिन्ह लावून) घातलं की वरच्या पट्टीत चालू लेआउट दिसतो आणि तिथूनच बदलताही येतो. मराठीत काम चालणाऱ्या ठिकाणी ही सोय मुळातच चालू हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मुलाने रामकुंडाचा फोटो लॉगिन स्क्रीनच्या मागे लावायला घेतला, तर स्क्रीन कोरीच. फोटो त्याच्या होम फोल्डरमध्ये होता. डेबियन १२ मध्ये नवीन यूजरचं होम इतरांना वाचता येत नाही आणि ग्रीटर चालतो लाइटडीएम या वेगळ्याच यूजरच्या नावाने. फोटो यूएसआर-शेअरमधल्या बॅकग्राउंड्स फोल्डरमध्ये टाकल्यावर दिसला.

यूजर बदलणं ही मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. ताईंची स्क्राइबसची (पानं मांडायच्या प्रोग्रामची) फाइल उघडी ठेवून मुलगा आपल्या नावाने बसतो. कंट्रोल-ऑल्ट-एफ७ आणि एफ८ ने इकडून तिकडे जाता येतं. रॅम मात्र लगेच भरते, दोन्हीकडे ब्राउझर उघडा असेल तर विचारूच नका. आणि एक सांगून ठेवतो: सेटिंग बदलल्यावर लाइटडीएमची सर्व्हिस घाईने रीस्टार्ट करू नका. उघडी असलेली सगळ्यांची सेशन्स (लॉगिन करून चालू असलेली कामं) बंद पडतात, सेव्ह न केलेलं काम गेलंच समजा. दुकान बंद करताना करावं ते काम.

एकदा पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन स्क्रीन पुन्हा पुन्हा समोर यायची. दोष लाइटडीएमचा नव्हता, पीडीएफ साठून होम पार्टिशन (डिस्कवरचा यूजरच्या फाइलींचा भाग) शंभर टक्के भरलं होतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ२ ने कमांड टाइप करायच्या काळ्या स्क्रीनवर जाऊन जागा मोकळी केली आणि सुरळीत झालं. पण समोर एखादी ओळ तरी दाखवावी ना! कारण शोधायला व्हार-लॉगमधल्या लाइटडीएमच्या फोल्डरमध्ये जावं लागतं, आणि ताईंनी तिथे जावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

ऑटो-लॉगिन करून पाहिलं आणि काढलं. पासवर्ड टाइपच होत नाही, त्यामुळे कीरिंग (साठवलेल्या पासवर्डची तिजोरी) बंद राहते आणि ब्राउझर उघडताना तोच पासवर्ड मागितला जातो.

केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी त्याचं नेहमीचं लॉगिन, एसडीडीएमच ठेवावं. ग्नोमवाल्यांनीही जीडीएम सोडू नये, तिथलं स्क्रीन लॉक त्याच्याशी बांधलेलं आहे. एक्सएफसीई आणि जुनं मशीन असेल, त्यावर दोघं-तिघं बसत असतील, तर लाइटडीएम बिनधास्त घ्या. फाइलींना हात लावायचा नसेल तर जीटीके ग्रीटरच्या सेटिंग्जचं वेगळं पॅकेज मिळतं. फोटो, थीम आणि वरची पट्टी त्यातून जमते.